मग साधंच घ्या

"गाडी किती जुनी, ताई?" काउंटरपलीकडच्या मुलानं विचारलं.

"२१ वर्षं."

"डिझेल?"

"हो."

"मग साधंच घ्या." असं म्हणत त्यानं माझ्या हातातला सिंथेटिक ऑइलचा कॅन काढून घेतला. अगदी हलक्या हातानं, लहान मुलाच्या हातून काचेची वस्तू काढून घ्यावी तसा. फळीवर ठेवला, वरचं नाव समोर येईल असा नीट फिरवला आणि दुसरा कॅन आणायला आत वळला. मी "राहू द्या, नंतर येते" म्हणून पायऱ्या उतरले. खरं तर ऑइल त्याच दिवशी हवं होतं.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. गाडी जुनी, तिच्यात भारीचं तेल ओतून करायचं काय, असा त्याचा सरळ हिशेब होता. शिवाय जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की गळायला लागतं, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. खटकला तो 'मग'. फार कामाचा शब्द आहे हा. गोष्ट पुढे सरकवायला 'मग', धीर द्यायला 'मग काय झालं', भांडण उकरायला नुसतं 'मग?' आणि एखाद्याचा विषय मिटवून टाकायलाही 'मग' पुरतो. हा या शेवटच्या जातीचा होता. वय सांगितलं, निकाल लागला. घरी येईपर्यंत गाडी चालवता चालवता मी त्या मुलाला मोठ्यांदा चार-पाच उत्तरं देऊन पाहिली. एकही पटण्यासारखं जमलं नाही, कारण मुळात साधं का नको आणि सिंथेटिक का हवं, हे मलाच धड माहीत नव्हतं. कॅन छान दिसला म्हणून उचलला होता, हेही कबूल करून टाकते.

गाडी बाबांची. कागदावर माझं नाव लागून दोन वर्षं झाली तरी मी 'बाबांची गाडी'च म्हणते. डिझेल मोठ्या दाबानं फवारणारी कॉमन रेल आहे, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो आहे, पण सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरून ठेवणारा तो फिल्टर यायच्या आधीची. आत बसलं की डिझेल, जुनं रेक्झिन आणि डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं तापलेलं प्लॅस्टिक यांचा मिळून एक वास येतो. कितीही पुसलं तरी तो जात नाही, आणि जाऊही नये असं मला आतून वाटतं. सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद ती खडखडते, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी, आणि हळूहळू सूर लागतो. बाबा त्याला 'घसा खाकरणं' म्हणायचे. घसा खाकरून झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. लांबून पळवून आणली की लगेच बंद करायची नाही, मिनिटभर नुसती चालू ठेवायची. शाळेला उशीर होत असला तरी. मी मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन चडफडायची आणि ते स्टिअरिंगवर बोटं टेकवून ऐकत बसायचे.

ऐकणं हे बाबांचं खरं अवजार होतं. टूलबॉक्समध्ये एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता, त्यानं त्यांनी क्वचितच स्क्रू फिरवला असेल. त्याचं टोक चालू इंजिनच्या एखाद्या भागावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. इथे टेकव, तिथे टेकव. एकदा त्यांनी तो माझ्या कानाला लावला होता. मला फक्त एक जाड, गरम गुरगुर ऐकू आली आणि कान हुळहुळला. "काही कळलं?" "नाही." "कळेल." पुढे कधी कळलं नाही, पण त्या 'कळेल'वर मी बरीच वर्षं काढली.

डॅशबोर्डच्या खणात त्यांची वही आहे. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, किलोमीटर, ऑइल, फिल्टर, शेरा. पहिल्या पानापासून ऑइलच्या रकान्यात एकच नोंद, '१५डब्ल्यू-४०'. त्याखाली प्रत्येक ओळीत नुसती दोन टिंबं, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. २१ वर्षं वरीलप्रमाणे. काउंटरवरचा मुलगा ज्याला साधं म्हणाला ते हेच. म्हणजे बाबांनी त्याचीच बाजू घेतली असती की काय, असं वाटून मी जरा चरफडले, आणि मग हट्टानं वाचायला बसले.

पहिल्याच रात्री कळलं की त्या आकड्यांचा अर्थ मला इतकी वर्षं चुकीचाच वाटत होता. डब्ल्यू म्हणजे वेट नाही, विंटर. पहिला आकडा थंड इंजिनसाठी, दुसरा तापलेल्या. १५डब्ल्यूचं तेल उणे २० अंशांना इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहतं का ते तपासतात, ५डब्ल्यूचं उणे ३० अंशांना. आणि ४० म्हणजे १०० अंश तापमानाला त्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये. आता माझ्या हातातल्या कॅनवर होतं ५डब्ल्यू-४०, आणि मुलगा आणायला गेला ते १५डब्ल्यू-४०. म्हणजे दोन्हीकडचे ४० एकच! गाडी तापली की दोन्ही तेलं सारख्याच दाटपणाची. 'सिंथेटिक पातळ असतं, जुन्या इंजिनला झेपत नाही' हे जे मी ऐकत आले ते निदान या दोन डब्यांपुरतं खरं नव्हतं. फरक होता तो थंड असतानाचा. साधं १५डब्ल्यू-४० तापल्यावर चौदा-पंधरा सेंटिस्टोक असतं, तेच ४० अंशांना शंभराच्या पुढे जातं, आणि रात्रभर उभ्या गाडीत त्याहूनही किती तरी घट्ट. रात्रीतून ते निथळून खालच्या चेंबरमध्ये जमलेलं असतं. सकाळी सेल्फ मारल्यावर पंपानं ते ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं, वर हेडपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचवायचं. ते पोचेपर्यंत लोखंडाला आधार असतो फक्त कालच्या उरलेल्या ओलाव्याचा.

म्हणजे सगळा वाद त्या दोन-तीन सेकंदांचा होता. घसा खाकरण्याचा.

हे वाचून मी रात्री अकरा वाजता खाली जाऊन गाडीकडे बघून आले. बघण्यासारखं काही नव्हतं. बॉनेटवर मांजर बसलं होतं, ते उठलं नाही.

'सिंथेटिक' हा शब्द मात्र वाटला तेवढा सोवळा निघाला नाही. मला वाटायचं, जमिनीतून काढलेलं ते मिनरल आणि प्रयोगशाळेत रेणू जुळवून केलेलं ते सिंथेटिक. पूर्वी साधारण तसंच होतं. पॉलिअल्फाओलेफिन नावाचं तोंडात न मावणारं द्रव्य, त्यात थोडे एस्टर. पण कच्च्या तेलातूनच निघालेल्या भागावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून, त्याचे रेणू मोडून-जोडून, जवळपास त्याच तोडीचं तेल करता येऊ लागलं. याला ग्रुप थ्री म्हणतात. मग याला सिंथेटिक म्हणायचं का? अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरून जुंपली, प्रकरण जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेपुढे गेलं आणि १९९९ मध्ये कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला: म्हणता येईल. तेव्हापासून डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा हे ग्रुप थ्रीच असतं. आधी मला फसवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी चहा ढवळताना वाटलं, फसवणूक कसली? नाव कुठून आलं यापेक्षा सकाळी सातला ते टर्बोपर्यंत किती लवकर पोचतं, एवढंच तर बघायचंय. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. तिला कुळाची चौकशी करायला वेळ नाही.

गळतीचं भूत मात्र सहजासहजी उतरेना. तेही अगदी हवेतलं नाही. नुसतं पॉलिअल्फाओलेफिन रबराच्या सीलला किंचित आक्रसवतं, आणि सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिकनी या बाबतीत नाव खराब करून घेतलं. एस्टर उलट सीलला फुगवतात, म्हणून दोन्हींचा मेळ घालून ती तक्रार कधीच मिटवली गेली. पण दुसरं एक कारण आहे आणि ते मला जास्त भिववणारं वाटलं. इंजिनमध्ये वर्षानुवर्षं गाळ साठतो, त्यातला थोडा कडक झालेल्या सीलच्या भेगांत जाऊन बसतो. चांगलं तेल, ज्यात साफसफाई करणारी द्रव्यं भरपूर, ते आलं की हा गाळ धुऊन काढतं. भेग आधीचीच असते, घाण होती तोवर ती दिसत नव्हती एवढंच. अशा वेळी लोक म्हणतात, तेलानं गळती लावली. खोटं आहे असं म्हणवत नाही आणि खरंही नाही.

पुढची निवड मी चष्मा कपाळावर सरकवून, मॅन्युअल मांडीवर घेऊन केली. मॅन्युअलमध्ये तापमानाच्या पट्ट्यांचं एक चित्र आहे. त्यात १५डब्ल्यू-४० होतंच, पण त्याच्या डोक्यावर ५डब्ल्यू-४० ची पट्टी त्याहून लांब, पार डावीकडच्या थंडीपर्यंत गेलेली. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांची परवानगी पहिल्या दिवसापासून होती, एकवीस वर्षांत कुणी ते पान उलटलं नव्हतं. खाली एसीईए बी४ असं लिहिलेलं, म्हणजे युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलेला तेलाचा वर्ग. हल्ली डब्यांवर नुसतं बी४ सापडत नाही, ए३/बी४ असं जोडनाव असतं, कारण २००४ मध्ये पेट्रोलचे ए आणि डिझेलचे बी हे वर्ग त्यांनी एकत्र बांधले. या जोडनावामागे एक अट असते, ती मला सगळ्यात भरवशाची वाटली. तेल १५० अंशांना, दोन भागांमध्ये जोरात चिरडलं जात असतानाही त्याचा दाटपणा ३.५ मिलिपास्कल-सेकंदाच्या खाली जाता कामा नये. झिजलेल्या बेअरिंगला हाच आकडा सांभाळतो. नवीन ते उत्तम अशा समजुतीनं मी ०डब्ल्यू-२० उचललं असतं, तर मात्र त्या मुलानं माझा हात धरायलाच हवा होता. सी३ वगैरे कमी राखेची तेलं बाजूला ठेवली. ती काजळीच्या फिल्टरचं भलं व्हावं म्हणून केलेली, आणि आमच्याकडे तो फिल्टरच नाही. एक मोह झाला होता, सिंथेटिक आहे तर दुप्पट अंतर चालवावं. पण डिझेलची काजळी तेल कुठलंय ते बघून कमी पडत नाही, म्हणून बदलायचं अंतर बाबांचंच ठेवलं, १०,००० किलोमीटर. पहिल्या खेपेला तर त्याच्या निम्म्यावरच काढायचं ठरवलं, धुतलेला गाळ आत फिरत राहू नये म्हणून.

कॅन दुसऱ्या दुकानातून आणला. भित्री आहेच मी.

ऑइल बदलायला बाबांच्या वेळचे मेकॅनिक काका. कॅन बघून ते काही बोलले नाहीत, फक्त झाकण उघडून बोट बुडवलं आणि अंगठ्यानं चोळलं. "तुझ्या बापानं घातलं नसतं," म्हणाले. मी म्हटलं, "पुस्तकात चालतं असं लिहिलंय, काका." "मी कुठं नाही म्हटलं? घातलं नसतं एवढंच म्हटलं." गाडीखाली सरकून त्यांनी ड्रेन बोल्ट सैल केला. शेवटचे दोन आटे हातानं काढले आणि मनगट झटकन बाजूला घेतलं, चाळीस वर्षं भाजून घेतल्यावर येते ती सफाई. काळं, चकचकीत, गरम तेल आधी दोरीसारखं पडलं, मग दोऱ्यासारखं, मग थेंब थेंब. आम्ही दोघंही काही न बोलता ते शेवटचे थेंब संपायची वाट बघत बसलो. काकांनी जुना फिल्टर करवतीनं उभा चिरला, आतला कागद पंख्यासारखा उलगडून उजेडात धरला. घड्यांमध्ये मऊ काळा गाळ होता, पण धातूची चमक कुठे नव्हती. "बरी आहे," ते म्हणाले. गाडीबद्दलच म्हणाले असावेत.

नवं तेल मधासारखं होतं. काडी ओढून पाहिली तर पातळी नीट दिसेना इतकं स्वच्छ. दुसऱ्या दिवशी काडी पुन्हा काढली, तेल काळं. मला हसू आलं. नऊ-दहा वर्षांची असताना असंच झालं होतं आणि मी बाबांना म्हटलं होतं, "तुम्हाला जुनंच तेल दिलंय त्यांनी, परत द्या." बाबांनी काडी माझ्यासमोर धरून सांगितलं होतं, "डिझेलमध्ये पांढरं राहिलं तर काळजी करायची. काळं झालं म्हणजे कामाला लागलं." काजळीचे कण सुटे सुटे धरून ठेवायचे, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, हेच त्याचं काम, हे शास्त्र मला आता कळलं. त्यांचं वाक्य त्याहून लांब नव्हतं.

बाराव्या दिवशी गाडीखाली थेंब दिसला. रुपयाएवढा. मी खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला आणि सकाळी पाहिलं, दोन. पोटात गोळा आला. मुलगा, काका आणि न बोललेले बाबा असे तिघंही एकदम बरोबर ठरले होते. चांगलं करायला जाऊन चालती गाडी बिघडवली, तेही एका 'मग'च्या रागानं. दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी वर दिवा धरला, फडक्यानं इंजिनची बाजू पुसली, दहा मिनिटं चालू ठेवली आणि बोट फिरवलं. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग. कडक झालंय. वरनं पाझरतं, खाली येऊन टपकतं." नव्या तेलामुळे? ते जरा थांबले. "वही आणलीस?"

वही गाडीतच होती. शेऱ्याचा रकाना मी आधी नीट वाचलाच नव्हता, तेलाच्या रकान्यावरच डोळा होता. सुरुवातीची पानं सगळी एका सुरात: 'आवाज बरा.' 'आवाज बरा.' 'सकाळी टक्टक्, नंतर गेली.' 'आवाज उत्तम', त्यापुढे उद्गारचिन्ह. आणि शेवटच्या चार-पाच वर्षांत: 'टॅपेट कव्हर, थोडी ओल.' 'थोडी ओल.' 'ओल, पॅकिंग बघणे.' म्हणजे माझ्या सिंथेटिकच्या किती तरी आधीपासून ती पाझरत होती. माझ्या तेलानं फार तर भेगेतला गाळ धुतला असेल. काकांनी वही मिटून दिली. "बदलू पुढच्या आठवड्यात. रबराचा तुकडा आहे, काय एवढं."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. गाडीत बसून मी ती पानं पुन्हा उलटली. 'आवाज' हा शब्द एका पानानंतर येतच नाही. आधी दर ओळीत, मग एकदम नाही, पुढे फक्त ओल, रंग, पातळी, डोळ्यांना दिसतील तेवढ्याच गोष्टी. तारीख पाहिली. बाबांना फोनवर दोनदा-तीनदा सांगावं लागायला लागलं, टीव्हीचा आवाज वाढत गेला, ते याच सुमाराला. त्यांनी वहीत एवढंच केलं, जे ऐकू येत नव्हतं ते लिहायचं सोडून दिलं. कुणाला बोलले नाहीत. लांब स्क्रू ड्रायव्हर टूलबॉक्सच्या तळाशी गेला होता, तेही मी ते गेल्यावरच पाहिलं.

आणि मशीन घ्यायला आम्ही गेलो होतो तेव्हाचं आठवलं. समोरच्या बाईंनी दोन प्रकार मांडले. एक साधं, आवाज सरसकट मोठा करणारं. दुसरं नुसतं मोठं न करता आवाज निवडून वेगळे करणारं. बाबांनी दुसरं कानाला लावलं आणि मान किंचित वाकडी केली, स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर करायचे तशी. "यात बारीक ऐकू येतं," म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "वय काय यांचं?" मी सांगितलं. आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "मग साधंच घेऊ या. वापरतात की नाही तेही बघू." बाबांनी यंत्र काढून मखमलीच्या डबीत ठेवलं. भांडले नाहीत. साधं घेतलं, चार-सहा महिने घातलं आणि 'नुसता गोंगाट होतो' म्हणून खणात टाकलं. मी ते म्हातारपणाच्या हट्टात जमा केलं.

पॅकिंग बदलून झालं. नवं काळं रबर खोबणीत बसवताना काकांनी मला कोपरा धरायला लावला. पुठ्ठा दोन रात्री कोरडा राहिला, तिसऱ्या रात्री त्याच्या कडेला एक पुसट डाग दिसला, बहुधा आधी खाली साठलेलं निथळलं असावं. काही असो, पुठ्ठा अजून काढलेला नाही. लोक विचारतात, सिंथेटिक घातल्यावर गाडीत फरक पडला का? पडला असावा. सकाळचं खडखडणं मला कमी वाटतं. पण मला ते कमी वाटायला हवंच आहे, त्यामुळे माझ्या शब्दावर कुणी तेल घेऊ नये.

काल सकाळी वही पुढे ओढली. तारीख, किलोमीटर. ऑइलच्या रकान्यात त्या दोन टिंबांच्या खाली '५डब्ल्यू-४०, ए३/बी४' लिहिताना अक्षर विनाकारण मोठं आलं. फिल्टर, नवा. शेरा: 'थोडी ओल.' पुढे 'आवाज' लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. टूलबॉक्सच्या तळातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मूठ कानाला लावली, टोक हेडवर टेकवलं आणि तेव्हा लक्षात आलं की इंजिन बंदच आहे. मग तो तिथेच ठेवून आत बसले आणि सेल्फ मारला.